लेझर पडायच्या आधी

खोटं वाटलं तर वाटू दे. माझे भावोजी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि त्याचंच हे सांगतोय.

मंगळवार होता. सकाळचे अकरा. अंधारबिंधार काही नाही.

भावोजी प्रयोगशाळेत एक्स-रे यंत्रावर तंत्रज्ञ. आधी लेझरचा झटका देऊन रेणूला चेतवायचं आणि तो कसा तुटतो ते लगेच एक्स-रेने टिपायचं. पापणी लवायलाही त्याच्या अब्जावधी पट वेळ लागतो! रेणू तुटला की यंत्राच्या पडद्यावरची रेषा उसळते; लेझर पडेपर्यंत मात्र ती सपाटच हवी.

हे सगळं जमवलं होतं एका विद्यार्थिनीने. तिला सगळे चष्मिष म्हणायचे. चार वर्षं राबली पोरगी, आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी शोध स्वतःच्या नावावर छापला. तिने तक्रार केली, तेव्हा चौकशीत भावोजींनी साक्ष दिली, "ती यंत्राला कधी शिवलीच नाही."

नोकरी टिकवायची होती ना!

चष्मिषने हाय खाल्ली. महिन्याभरात गेली.

त्या मंगळवारी निवड समिती आली होती. प्रयोग जमला की सर संचालक होणार होते. भावोजींनी यंत्र सुरू केलं. लेझर अजून पडायचाच होता...

रेषा उसळली.

"अरे, काय करतोस? लेझर बंद कर!" सर खेकसले.

"बंदच आहे, सर."

नमुना काढला. एक्स-रेही बंद केले. आता टिपायला काही उरलंच नव्हतं...

रेषा चढतच होती.

सर तणतणत यंत्राच्या खोलीत शिरले. शिसं लावलेलं जाड दार आपोआप लागलं.

आवाज नाही... हाक नाही...

मग आतल्या माइकवरून सर किंचाळले, "तिचंच आहे! सगळं तिचंच आहे!"

दार उघडलं तेव्हा सर जमिनीवर बसले होते. डोळे टक्क उघडे. दिसत काहीच नव्हतं.

भावोजी घाबरून पुढे झाले. समितीसमोरच त्यांनी कबूल केलं, "मी खोटी साक्ष दिली. काम पोरीचंच होतं." त्यांना वाटलं, आता तरी रेषा खाली येईल.

नाही आली. वायर उपटली तेव्हा कुठे पडदा काळा झाला.

सरांची दृष्टी गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत काही दोष नाही.

भावोजींनी नोकरी सोडली. परवा ते घसरून पडले, गुडघा टम्म सुजलाय. पण एक्स-रे काढायला काही केल्या तयार होईनात.

ताई करवादली, "अहो, दिवसाढवळ्या दवाखान्यात कसलं आलंय भूत?"

"त्या दिवशी आत सर गेले होते," भावोजी म्हणाले. "मी बाहेरच होतो... मला त्या किरणांसमोर नको नेऊस गं."

ताईने गाडीची किल्ली परत खुंटीला अडकवली. मीही आग्रह केला नाही.