झाड कुठे संपतं

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर निर्मला बोरस्तेंच्या द्राक्षबागेचा नकाशा होता. त्याच्या एका कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकत होता.

"मूळमावा," डॉ. शमीम इनामदार म्हणाल्या. "जिवंत मुळांचा रस शोषून जगतो आणि जमिनीतून एका वेलीवरून दुसरीवर जातो."

"औषध ओतू का?" निर्मलाताईंनी विचारलं. वाइनची द्राक्षं त्या कित्येक वर्षं रसायनांशिवाय पिकवत होत्या. हा प्रश्न विचारतानाही त्यांची जीभ अडखळली.

"ओतलंत तर कवकजाल मरेल."

कवकजाल ही शमीमनीच विकसित केलेली बुरशी. तिचे पांढरे धागे मुळांभोवती वाढत, वेलींना एकमेकींशी जोडत आणि संकटाचा इशारा सगळीकडे पोचवत.

"ताई, तुमच्याकडे आता सुट्या वेली नाहीत. सगळी बाग मिळून एकच झाड झालंय. पानावर रोग पडला की झाड काय करतं? रोगाभोवतीचा निरोगी भाग स्वतःच मारून टाकतं. मग रोगाला पुढे जायला जिवंत काही उरत नाही."

"म्हणजे चांगल्या वेली मरणार?"

"कोपऱ्याभोवतीच्या. जाळं त्यांचं पाणी तोडेल. बाकी बाग वाचेल."

पण आठवडाभरात वेली सुकल्या त्या भलतीकडेच. आधी पश्चिमेच्या कुंपणालगतची रांग गेली, मग दक्षिणेची. निर्मलाताईंचा फोन येताच शमीम धावत आल्या. कोपऱ्यापासून खूप दूरची, हिरवीगार दिसणारी एक वेल दोघींनी खणली. मुळांवर गाठी होत्या आणि गाठींवर पिवळे कीटक.

शमीमचा चेहरा उतरला. "आमची यंत्रं रोग बळावल्यावरच दाखवतात. जाळ्याला आधी कळलं. मावा बागभर पसरलाय, म्हणून मेलेल्या वेलींचा वेढा कुंपणावर पडतोय. तो पूर्ण झाला की जाळं आतल्या वेलींचंही पाणी तोडेल."

"सगळी बाग?" निर्मलाताईंचा आवाज चढला. "झाड जगावं म्हणून पान टाकतं म्हणालात ना? मग सगळंच टाकल्यावर वाचणार कोण?"

काहीतरी सुचून शमीम कुंपण ओलांडून शेजारच्या रंगनाथ गायधनींच्या बागेत गेल्या, मूठभर माती उकरली आणि भिंगाखाली धरली.

मातीत पांढरे धागे होते.

"रंगनाथभाऊंनी तर जाळं घेतलंच नव्हतं!" मागोमाग आलेल्या निर्मलाताई म्हणाल्या.

"ते रसायनं वापरत होते तोवर जाळं इकडे जगलंही नसतं."

निर्मलाताई बांधावरच बसल्या. रंगनाथभाऊंना, त्यांच्या पलीकडच्यांना, खोऱ्यातल्या एकेका बागाईतदाराला विषारी फवारणी सोडायला त्यांनीच लावलं होतं. झाड आता खोरंभर पसरलं होतं, आणि त्यांची बाग त्याचं एक पान होती.

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. मागे टाकी जोडून रंगनाथभाऊ स्वतःच येत होते.

"वहिनी, तुमच्या वेली बघवेनात. जुनं औषध मिळवलंय. कुंपणापासून ओतायला घेतो."

निर्मलाताईंनी शमीमकडे पाहिलं.

"कुंपणावरचे धागे मेले तर तुमची बाग सुटी होईल," शमीम हळूच म्हणाल्या. "जाळं तुम्हाला टाकू शकणार नाही. दोन-तीन हंगाम निघतील. पण खोल मुळांवरचा मावा औषधाने मरत नाही, आणि बळावला की त्याला पंख फुटतात."

रंगनाथभाऊ टाकीचा पाइप सोडवत होते. त्यांच्या मागे त्यांची बाग उभी होती, घडांनी वाकलेली.

निर्मलाताई उठल्या. लावताना हाताने पाणी घातलेल्या वेली समोर होत्या. अजून हिरव्या होत्या. त्यांनी मान वळवली आणि चालत जाऊन ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली.

"अहो, काय करता? बाग मरतेय तुमची!"

"मरू द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. "तिला अडवू नका. ती तुमच्यासाठीच मरतेय."