नऊ थेंबांचा खळगा

मुलांनो, डोळे मिटून घ्या असं मी म्हणणार नाही. मिटले तर वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. पैठणच्या खाली गोदावरीच्या कोरड्या पात्रात तुम्ही उभे आहात. ऊन चपलेतून चटका देतंय. पायाखाली हजारो गोटे. त्यातला एक उचला. धुळकट, ओबडधोबड, बाजारातल्या उरलेल्या बटाट्यासारखा. आता त्याला जिभेचं टोक लावा. (घरी सांगू नका.) जिथं ओलं झालं तिथं आतला रंग दिसतो, मधाचा, नाहीतर हळद घातलेल्या दुधाचा. हा अकीक. त्याला कायमचं असं ओलं दिसायला लावायचं, एवढाच माझा छंद.

पस्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. आता पुंडलिकनगरातल्या घराच्या मागच्या खोलीत माझं यंत्र आहे. जुन्या कूलरच्या पंख्याची मोटर, दोन लोखंडी रूळ आणि त्यांवर आडवा पडून सावकाश गोल फिरणारा, रबराचं अस्तर लावलेला डबा. त्यात गोटे, पाणी आणि घासायची भुकटी. पहिला आठवडा जाड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिशची पांढरी पूड. नदी जे हजारो वर्षांत करते ते हा डबा महिन्यात करतो, रात्रंदिवस घर्र घर्र करत. माझी बायको आशा म्हणते, लोक निवृत्तीनंतर शांतता शोधतात, आमच्याकडे हौसेनं बसवलेली गिरणी आहे, पीठ मात्र येत नाही.

दर रविवारी गल्लीतली मुलं येतात. माझा एकच नियम. डब्यात जाणाऱ्या प्रत्येक दगडाचं आधी माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, वहीवर ठेवा, असं मी त्यांना सांगतो. मीही तेच पाळतो. म्हणून ही गोष्ट मला सांगता येते.

त्या मुलांत अक्षदा होती, पाचवीतली. तिचे वडील अजिनाथ जवळच्याच एका इमारतीवर वॉचमन आहेत. आजोबा केरबा आयुष्यभर पिशोरकडच्या डोंगरांत मेंढरं राखायचे. गुडघे गेले तेव्हा कळप दुसऱ्याच्या हवाली करून ते मुलाच्या खोलीवर राहायला आले आणि जानेवारीत वारले. तेव्हापासून अक्षदा फारसं बोलत नसे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तिनं माझ्यासमोर एक कापडी पिशवी ओतली. अकरा अकीक, केरबांनी कळपामागं हिंडताना गोदेच्या पात्रातून वेचलेले. आणि एक काळा दगड, अंड्याएवढा, आपल्या डोंगराचा साधा. त्याच्या एका अंगाला गुळगुळीत खळगा होता.

"हे अकरा चमकवा, सर. काळा नका टाकू," ती म्हणाली. "त्याच्यात आजाचा अंगठा हाय."

नियमाप्रमाणे आम्ही मापं घेतली. खळग्याचं माप कसं घेणार? मी तिला ड्रॉपर दिला. नऊ थेंब मावले, दहावा ओघळला. तिनं वहीत लिहिलं, नऊ. दुसऱ्या दिवशी ती सुट्टीसाठी पिशोरला जाणार होती. तिथं चुलत भावंडं दगड घेतील म्हणून काळाही तिनं माझ्याकडेच ठेवला. दारातून परत येऊन पुन्हा बजावलं, "तेवढाच ऱ्हायलाय त्याचा."

आणि मी काय केलं? चष्मा कपाळावर, लक्ष भुकटीच्या मापाकडं. टेबलावरचे दगड ओंजळीनं उचलले, डब्यात टाकले, झाकण आवळलं, बटण दाबलं. काळा दगड खणात ठेवला आहे असंच मी आठवडाभर धरून चाललो होतो.

आठव्या दिवशी डबा उघडला. राखाडी चिखल धुतला आणि गोटे चाळणीत मोजले. बारा.

मी पुन्हा मोजले. बाराच. अकीक कठीण असतो, आपला काळा दगड त्याच्यापुढं मऊ. जाड भुकटीच्या एका आठवड्यात त्याचा खळगा पुसला जायला हवा होता. एका मुलीनं मला एकच गोष्ट सांभाळायला दिली होती. मी तो दगड नळाखाली धरला, पुसला, उलटा केला.

खळगा तिथंच होता. मी ड्रॉपर घेतला. नऊ, दहा, अकरा. चौदा थेंब मावले.

हे का शक्य नाही ते नीट सांगतो. डबा दगडाचे उंचवटे खातो, कोपरे खातो. आत शिरून तो खळगा कोरत नाही. दगडाच्या आत मऊ जागा असेल, असं मी वहीत लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. मग काळा दगड एका स्टीलच्या डबीत जुन्या धोतराच्या तुकड्यावर ठेवला आणि डबी खिडकीच्या कट्ट्यावर. अकरा अकीक बारीक भुकटीत फिरू लागले.

मेच्या मध्यावर एके दिवशी भर दुपारी वीज गेली. कूलर थांबला, डबा थांबला, फ्रिजसुद्धा गप्प झाला. इतक्या दिवसांच्या घरघरीनंतरची ती शांतता कानाला बोचत होती. त्या शांततेत एक आवाज होता. कोरडा, हळू. कुणी खडबडीत अंगठा दगडावरून फिरवावा तसा. खस्स. जरा थांबून पुन्हा खस्स.

पाल असेल म्हणून मी कट्ट्याजवळ गेलो. आवाज डबीतून येत होता.

सवय वाईट. मी मोजायला लागलो. वीस झाले आणि आवाज थांबला. मी उभा राहिलो, पाच मिनिटं, दहा मिनिटं. पुन्हा आला नाही. पण तो संपलाय असं वाटेना. फळ्यासमोर उत्तर अर्धवट सोडून एखादं पोर मागं बघत उभं राहतं ना, तसं वाटत होतं.

स्वयंपाकघरातून आशाचा आवाज आला, "अहो, एवढं काय घासत होतात मघापासून?"

मी डबी उघडली. दगड होता तसा धोतरावर पडलेला. मी त्याला हात लावला. उन्हातल्या डबीतला दगड कोमट असतो, त्यात नवल नाही. पण खळगाच तेवढा कोमट होता.

त्यानंतर वीज जाईल तेव्हा मी त्या खोलीत थांबायचो. दर वेळी वीस. दर वेळी तीच वाट बघणारी शांतता. भीती वाटायची, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त वाटायची ती लाज. कुणीतरी मला काहीतरी विचारतंय आणि एवढी वर्षं शिकवून मला उत्तर येत नाही.

जूनच्या दुसऱ्या रविवारी अक्षदा आली. उन्हानं रापलेली, केस तेल लावून घट्ट बांधलेले. ती चटईवर बसायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, दगड डब्यात गेला, चूक माझी, मी मोजलं नाही. आवाजाचं मात्र सांगितलं नाही. दहा वर्षांच्या मुलीला काय सांगणार?

ती रडली नाही. तिनं ड्रॉपर मागितला. सतरा थेंब मावले. तिनं आपल्या वहीत नऊच्या खाली सतरा लिहिलं आणि पाणी न ओतता दगड अलगद डबीत ठेवला.

मी विचारलं, हा खळगा मुळात पडला कसा?

ते मेंढरं मोजायचे, ती म्हणाली. संध्याकाळी एकेक मेंढरू आत जाताना अंगठा एकदा दगडावरून फिरवायचा. वीस झाले की एक गोटा. अकरा गोटे झाले की कळप पुरा. खोलीवर आल्यावर मेंढरं नव्हती, तरी अंथरुणात पडून ते सकाळ-संध्याकाळ मोजायचे. गोटे हिच्याकडं असायचे.

"वीस झाले की आजा थांबायचा. मग मी म्हणायची, घेतलं आजा. अन् गोटा खिशात टाकायची. तोवर म्होरं जायचाच नाय."

मी हातातला ड्रॉपर खाली ठेवला.

"त्या दिवशी सातच गोटे झाले," ती वहीकडं बघत म्हणाली. "मग शाळेची रिक्षा आली. आजा म्हणला, थांब की. मी पळाले."

दुपारी ती परत आली तेव्हा ते गेलेले होते, हे मला अजिनाथनं सांगितलं होतं.

मी अकरा अकीक तिच्यापुढं मांडले. महिनाभर फिरून ते निघाले होते, मधासारखे, ओले नसून ओले. मुलं असे दगड बघून ओरडतात. तिनं ते चटईवर दोन ढिगांत वाटले. एकीकडं सात, एकीकडं चार. सात उचलून तिनं फ्रॉकच्या खिशात टाकले.

"सर, मोटर बंद करता का जरा?"

डब्यात दुसऱ्या मुलांचे दगड फिरत होते. मी बटण दाबलं. घरघर थांबली. कूलरही मीच बंद केला.

तिनं उघडी डबी समोर ठेवली आणि मांडी घातली.

खस्स.

खळग्यातलं पाणी एका बाजूला सरकलं, कुणी बोटानं निपटून काढावं तसं, आणि कडेवरून धोतरावर ओघळलं.

खस्स. खस्स.

मी मोजत होतो. तिचेही ओठ हलत होते.

विसाव्याला आवाज थांबला.

"घेतलं, आजा," अक्षदा म्हणाली, आणि चारांतला एक गोटा उचलून खिशात टाकला. आतल्या सातांवर तो टक्कन वाजला.

चटईवर तीन उरले.

लगेच आवाज पुन्हा सुरू झाला. या वेळी तो डबीतून येत नव्हता. तो तिच्या डाव्या हाताला, चटईच्या अगदी जवळ होता.

अक्षदानं तिकडं पाहिलं नाही. ती उजवीकडं थोडी सरकली, चटईचा डावीकडचा दुमडलेला कोपरा हातानं सरळ केला आणि तिथं एका माणसापुरती जागा करून दिली.