ज्याने लावलं, त्यानेच काढायचं

"बॅग आत नेता येणार नाही."

"अहो, पण—"

"पण नाही नि बिण नाही! पाटी वाचा. पर्स, पिशवी, पाठीवरची बॅग... सगळं इथेच ठेवायचं."

"पाटी वाचलीय मी," तो शांतपणे म्हणाला. "मीच ठोकलीय ती."

मागे रांगेत खसखस पिकली. रोलर कोस्टर बंद पडला होता, लोक उन्हात ताटकळत होते, आणि तो सुरू करायला आलेल्या मेकॅनिकलाच तिने अडवून धरलं होतं! पण तिचं तरी काय चुकलं? बॅग काउंटरवरचा तिचा पहिला दिवस. सुपरवायझरने बजावलं होतं, बाप आला तरी बॅग सोडायची नाही. आता बापाऐवजी मेकॅनिक आला, तर नियम बदलतो का?

त्याने वाद घातला नाही. बॅगेतले पाने, पक्कड, ग्रीसचा डबा एकेक करून बाहेर काढले, दोन्ही हातांत कसेबसे कवटाळले आणि रिकामी बॅग तिच्यापुढे ठेवली. मग खिसेही उलटे केले. मोबाइल, पाकीट, तुटक्या दातांचा कंगवा आणि एक चिमुकली किल्ली.

"वर चढताना खिशात काही ठेवत नाही आम्ही. वरून पडलं तर खालच्याचं डोकं फुटायचं. नीट सांभाळा हं... हवालदारीणबाई!"

तिचे कान लालबुंद झाले. रागाने झाले, असं तिने आत्याला सांगितलं. आत्या तिकीट खिडकीवर बसायची आणि काचेतून तिला सगळं दिसायचं. आत्याने नुसतं "बरं" म्हटलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी तो तिच्या काउंटरवरच्या ट्रेमध्ये खिसे रिकामे करू लागला. खरं तर वर्कशॉपमध्ये त्याचं स्वतःचं कपाट होतं. पण तिने कधी विचारलं नाही, आणि त्याने कधी सांगितलं नाही. सगळं पार्क त्याला 'पाना' म्हणायचं, म्हणून तीही म्हणू लागली.

किल्लीची गोष्टही त्यानेच सांगितली. रुळांवर चढण्याआधी माणूस काउंटरमागच्या मोठ्या स्विचला स्वतःचं कुलूप लावतो. कुलूप असेपर्यंत कोस्टर जागचा हलत नाही. "ज्याने लावलं, त्यानेच काढायचं. दुसऱ्याने हातही लावायचा नाही. माझा जीव त्या कुलपात असतो, कळलं?"

"आणि किल्ली माझ्याकडे!"

"म्हणजे बघा, जीव कुणाकडे असतो ते."

असं बोलून तो शिडीकडे पळायचा. ती ट्रे पुढ्यात घेऊन बसायची. कंगव्याला त्याच्या तेलाचा मंद वास यायचा... कुणी बघत नसलं की ती तो हळूच हातात धरायची. वेडीच होती म्हणा ना!

वारा सुटला की कोस्टर थांबवत. लोक तिच्यावर डाफरायचे. "अहो, अजून किती वेळ?" "माझी बॅग तेवढी द्या, मी चालले!" सगळे वैतागलेले, आणि ही बया मनातून खूश. कारण वारा असला की तो वर जात नसे. काउंटरला टेकून उभा राहायचा.

"आज तुमच्या बॅगांत काय काय आलंय?"

"एका काकूंनी उशी आणलीय."

"कोस्टरवर झोपणार होत्या की काय!"

दोघं हसायचे. मग हसू ओसरायचं, आणि तो तिच्याकडे बघतच राहायचा. ती उगाच ट्रे पुसायची. आता बोलेल, आता बोलेल... आणि नेमका तेव्हाच मेला वारा पडायचा!

पण सुख कुणाला बघवतं? दूरच्या एका शहरात नवा कोस्टर उभा राहत होता. त्याची तिकडे बढतीवर बदली झाली. वर्षभर तरी तिकडेच.

"जाणार मग?" तिने ट्रेकडे बघत विचारलं.

"जावं तर लागेल. कुणी... थांब म्हणालं तर गोष्ट वेगळी."

तिने ट्रे आणखी पुसला. त्याची बढती होती. आपण कोण त्याची वाट अडवणार?

रात्री आत्या म्हणाली, "अगं, बोल काहीतरी! मूग गिळून किती दिवस बसणार?"

"त्यालाही तोंड आहे ना?"

"आहे. दोघांनाही आहे. दोघंही फक्त जेवायलाच वापरा!"

त्याच्या शेवटच्या सकाळी तो रुळांवर चढला तेव्हा ती खाली होती. पण उतरायची वेळ झाली तशी तिच्या मनात आलं, 'येतो' म्हणेल, आणि आपण सगळ्यांसमोर रडू. ती मागच्या खोलीत, बॅगांच्या फळ्यांआड जाऊन उभी राहिली.

"हवालदारीणबाई?" त्याचा आवाज आला. मग जरा हळू, "अहो... आहात का?"

ती फळ्यांना आणखी चिकटली.  मग त्याची पावलं दूर गेली.

ती बाहेर आली. ट्रे जिथल्या तिथे! मोबाइल, पाकीट, कंगवा... किल्ली.

तोवर पार्क उघडलं होतं. रांग फाटकापर्यंत गेली, लोक पट्टे बांधून बसले, चालकाने बटण दाबलं. कोस्टर ढिम्म.

"स्विचला कुलूप कुणाचं?" सुपरवायझर ओरडला. "पान्याचं? अरे, तो वर तर नाही ना?"

चालक म्हणाला, "कापून टाकू का?"

"वेड लागलंय का? तो जमिनीवर उभा डोळ्यांनी दिसल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही! फोन लावा त्याला!"

ट्रेमधला मोबाइल वाजू लागला.

आत्या खिडकी सोडून तरातरा आली. "बघत काय बसलीस? जा! काउंटर मी बघते. आणि हे बघ, नुसती किल्ली देऊन आलीस तर घरात घेणार नाही."

ती धावली. रांगेतून, फाटकातून, रस्ता ओलांडून. बस स्टॉपवर तो एकटाच बसला होता. सामान पायाशी, मान खाली.

"तू... गेला नाहीस?"

त्याने दचकून वर पाहिलं. "बस गेली मघाशी. पाकीट तुमच्याकडे, तिकीट कशाने काढू?"

"मग परत यायचं ना!"

"कसा येऊ? तुम्ही आत लपला होतात. फळीखाली चपला दिसत होत्या." त्याने मान पुन्हा खाली घातली. "वाटलं, तोंडही बघायचं नाहीये माझं."

"वेडा आहेस का रे?" तिला रडू फुटलं. "रडेन म्हणून लपले! तू गेलास की रोज सकाळी तो ट्रे रिकामा... कसा बघू मी? आवडतोस तू मला. पहिल्या दिवसापासून. झालं? आता ऊठ, तुझं कुलूप राहिलंय स्विचला!"

तो अर्धवट उठला आणि तसाच थांबला. "कुलूप? मी... कुलूप विसरलो?" मग तिच्याकडे बघत हळूहळू हसला. "इतक्या वर्षांत कधी नाही विसरलो गं. रोज तू ट्रे पुढे करायचीस, मी किल्ली उचलायचो, मग कुलूप. आज तूच नव्हतीस..."

"थांब म्हणू?" तिने विचारलं.

तो पायाशी ठेवलेल्या सामानाकडे बघू लागला. तिनेच डोळे पुसले. "नाही म्हणत. नवा कोस्टर उभा कर. पण परत ये. एवढंच म्हणते."

दोघं परतले तेव्हा रांगेने टाळ्या वाजवल्या. सुपरवायझर मात्र ताडताड बोलला, आणि पान्याने सगळं ऐकून घेतलं. स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. कोस्टर घरघरत चढणीला लागला.

पुढच्या बसला थोडा वेळ होता. त्याने मोबाइल आणि पाकीट खिशात टाकलं. कंगवा मात्र काउंटरच्या सगळ्यात लहान कपाटात ठेवला, दार लावलं आणि त्याला आपलं कुलूप घातलं. किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात गेली.

"नियम माहीत आहे ना?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली.  त्याने तिचा हात क्षणभर हातात घेतला आणि तो गेला.

पुढे वारा सुटला की कोस्टर थांबतो, लोक डाफरतात, आणि ती उगाच शिडीकडे बघते. एकदा उशीवाल्या काकू पुन्हा आल्या. त्या लहान कपाटावर बोट ठेवून म्हणाल्या, "अगं, माझी पर्स यात ठेव की. कुलूपही भक्कम दिसतंय."

"ते नाही उघडता येणार, काकू," ती म्हणाली. "त्याचा माणूस यायचाय."