पिवळी अक्षरं

ती कामावर आली, तर तिच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. नजर अधू असली तरी एवढं दिसत होतं. तिने छत्रीच्या टोकाने एकाला ढोसलं.

"अहो पाय, डोकं कुठं ठेवलंत?"

आतून ठक्कन आवाज झाला. टाळू चोळत एक तरुण बाहेर आला.

"नवा ब्राउझर टाकायला आलोय. जुना काढायचा, सगळ्यांच्या जुन्या प्रोफाइल पुसायच्या आणि एकसारख्या नव्या द्यायच्या."

"माझी पुसायची नाही."

"साहेबांचा हुकूम आहे."

"असेल. पण मशीनसमोर मी बसते."

दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीवर तिचं काम. फोन घ्यायचा, ब्राउझरमध्ये बघून डॉक्टरांची वेळ द्यायची. तिच्या पडद्यावर काळीकुट्ट पाटी आणि तिच्यावर लिंबाएवढी पिवळी अक्षरं. एकेक खूण तिने वर्षानुवर्षं खपून बसवलेली; ही मांडणी म्हणजेच तिची प्रोफाइल. त्यावरून सगळे तिला 'पिवळी' म्हणत. त्या प्रोफाइलशिवाय पडदा म्हणजे नुसतं धुकं. साहेब तर टपलेलेच होते... जमत नसेल तर मागे कोठीत बस आणि कापूस मोज म्हणून.

तो पडद्याकडे बघत राहिला. "हे सगळं तुम्ही केलंत?"

"नाही, छत्रीने केलं."

तो खळखळून हसला. "मग पुसत नाही. हीच प्रोफाइल नव्या ब्राउझरमध्ये उघडून देतो. चुटकीसरशी."

"आधी प्रत काढा."

"गरज नाही हो—"

"मला आहे. काढा."

त्याने कुरकुरत पेनड्राइव्हवर प्रत काढली. तो पेनड्राइव्ह तिने दोऱ्यात ओवून गळ्यात घातला.

नवा ब्राउझर उघडला आणि पिवळी अक्षरं मावळली. पांढऱ्यावर मुंग्यांची रांग! त्याने घाईघाईने जुना उघडला. पडद्यावर जुना ब्राउझर म्हणाला, ही प्रोफाइल नव्या ब्राउझरने वापरली आहे, मी उघडणार नाही.

त्याचा चेहरा उतरला. "एकदा नव्याचा हात लागला की जुना तिला घरात घेत नाही. मला माहीत होतं... घाईत विसरलो."

"घाईत? की माझ्याकडे बघत होतात?"

तो खाली बघत म्हणाला, "दोन्ही."

तेवढ्यात साहेब आले. पडदा बघून त्यांना आयतंच निमित्त मिळालं. "म्हटलं नव्हतं? चल, कोठीत."

ती उठली नाही. "ही खिडकी माझी आहे, साहेब. उठवायचं तर खुर्चीसकट उचला."

साहेब तरुणाकडे वळले. "जुना काढून टाका."

"नाही काढणार. दोन्ही शेजारी शेजारी राहतील, प्रोफाइल वेगवेगळ्या. जुना फक्त दवाखान्याच्या पानापुरता. नव्यात यांची अक्षरं बसेपर्यंत मी येत राहीन."

"हुकूम मोडताय!"

"मोडतोय. तसं लिहून आणा, सही करतो."

तिने गळ्यातला दोरा काढून त्याच्या हातात दिला. बोटं लागली... जरा रेंगाळली. जुन्या ब्राउझरात प्रत बसली, दोरा परत तिच्या गळ्यात गेला आणि पिवळी अक्षरं पुन्हा उगवली. फोन वाजला. साहेबांच्या नाकासमोर तिने खणखणीत आवाजात वेळ दिली. साहेब आल्या पावली परतले.

मग तो दर शनिवारी यायला लागला.

"हा पिवळा?"

"हळदीचा झाला. मला लिंबाचा हवा."

"आता?"

"आता फार आंबट."

काम कधीच झालं होतं. दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी एका शनिवारी त्याने जुना ब्राउझर काढला. नव्यात अक्षरं लखलखत होती.

"झालं," तो म्हणाला. "आता यायला... कारण नाही."

तिने ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. ब्राउझर विचारत होता, कोण बसलंय? एका चौकोनात ती, दुसऱ्यात 'पाहुणा'. त्याने सहज 'पाहुणा' दाबलं.

"हा कोण?"

"कुणीही. येतो, बघतो, जातो. बंद केलं की याचं काही लक्षात राहत नाही."

"मग ऊठ तिथून!" पहिल्यांदाच तिच्या बोलण्यातलं 'अहो' गळालं. तिने त्याला बाजूला सारलं, नवी प्रोफाइल उघडली आणि लिंबाएवढ्या अक्षरांत नाव लिहिलं... 'पाय'.

"पाय?"

"पहिल्यांदा तेवढेच दिसले होते. बाकीचा नंतर आवडला."

त्याचे कान लाल झाले. "साहेब म्हणतील, एका मशीनवर एकच प्रोफाइल. पुसायला लावतील."

"लावू देत की." तिने गळ्यातला दोरा बोटाभोवती गुंडाळला. "प्रत माझ्याकडे राहील."