लाल फितीचं गवत

"मॅडम, तुमचं संशोधन कशावर आहे?"

मी दचकले. समुद्रकाठच्या बागेत, भर दुपारी, मी रांगत रांगत हरवलेलं कानातलं शोधत होते. वर बघितलं तर गवत कापायच्या यंत्राशेजारी माळी उभा. उन्हानं रापलेला, आणि चेहऱ्यावर एवढा आदर की माझ्यामागे कोणी मोठं माणूस आलंय की काय, म्हणून मी वळून पाहिलं!

"तुम्ही लाल फीत लावलीत ना," तो म्हणाला. "कॉलेजवाले अभ्यासाला आले की अशी फीत लावतात. तिथलं गवत कापायचं नाही, असा आमचा नियम आहे. आठ दिवस मी यंत्र वळसा घालून नेतोय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आख्खं मैदान गुळगुळीत, आणि माझ्या काठीभोवती खाटेएवढा तुकडा तसाच! कानातलं पडलं त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपत आली होती, म्हणून खुणेला काठी रोवून तिला फीत बांधली होती. ती फीत कवळ्यांच्या खोक्याची. हो, कवळ्यांच्याच! रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून मी दिवसभर लोकांचे दात घडवते. संशोधन कसलं नि काय!

तिथंच सांगून टाकायचं ना... पण तोंडातून निघालं, "गवतावरच. म्हणजे... न कापता किती वाढतं, त्यात काय काय येतं..."

"वा!" तो म्हणाला, आणि असा काही हसला की खरं बोलायचं राहूनच गेलं.

मग काय, रोज डबा आणि वही घेऊन जाणं आलं. पहिले चार दिवस मी वहीत दाढांचीच चित्रं काढली. हात दुसरं काही काढेच ना! पण बघता बघता मी खरंच बघायला लागले. पावसात गवत गुडघ्याला लागलं. पात्यापात्यावर थेंब, आणि एका दुपारी त्यात जांभळी फुलं — मोहरीएवढी, शेकड्यांनी!

"ही कोणी पेरली?" मी विचारलं.

"कोणीच नाही. कापलं नाही की येतात."

"म्हणजे इतकी वर्षं खाली होती?"

"वाट बघत," तो म्हणाला. बघत मात्र माझ्याकडे होता. मी घाईघाईनं वहीत तोंड घातलं.

थंडी पडली तेव्हा एकदा तो धावतच आला. "वही ठेवा! वर बघा—"

समुद्रावरून पक्षी येत होते. दहा नाही, शंभर नाही... आकाशच हलत होतं. सगळा थवा एकदम वळला की पांढरा व्हायचा, परत वळला की काळा. पंखांचा आवाज डोक्यावरून गेला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. किती तरी वेळानं लक्षात आलं की मी त्याची बाही घट्ट धरली आहे.

"कुठून येतात?"

"बर्फातून. सात वर्षं बघतोय, दर वेळी वाटतं पहिल्यांदाच बघतोय." त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. त्याच क्षणी मला कळलं, आपलं काही खरं नाही. मी पुरती प्रेमात पडले होते, आणि ज्याच्या प्रेमात पडले त्याला माझ्याबद्दल एक गोष्ट धड खरी माहीत नव्हती.

ऊन तापलं, गवत सोनेरी झालं, आणि तो म्हणाला, "साहेब अहवाल मागतायत. नाहीतर सोमवारी कापा म्हणाले. मी सांगितलं, माझ्या शब्दावर थांबा. मॅडम खोटं काम करणाऱ्यातल्या नाहीत."

मी वही त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. कानातलं, फीत, कवळ्या... सगळं.

तो पानं उलटत राहिला. "ही... दाढ आहे?"

"हो."

"छान काढलीय," म्हणाला, आणि पाठ फिरवून निघून गेला.

सोमवारी मी गेले. न जाऊन कुठे जाणार! यंत्र घरघरत सरळ माझ्या तुकड्याकडे निघालं होतं. तो माझ्याकडे बघतही नव्हता. मी डोळे मिटून घेतले... आणि आवाज थांबला.

यंत्रापुढून एक मातकट पक्षी फडफडत उठला होता. माळी यंत्रावरून खाली उतरला, गुडघ्यावर बसला, आणि हातानं मला बोलावलं. गवताच्या बुडाशी वाटीएवढं घरटं होतं. त्यात तीन अंडी, ठिपक्याठिपक्यांची, बोटाच्या पेराएवढी.

"चंडोल," तो कुजबुजला. "जमिनीवर घर करतो. सात वर्षांत इथं एकही घरटं पाहिलं नाही मी. बसायला जागा कुठे ठेवली आपण?"

आम्ही दोघं श्वास रोखून बघत बसलो. माझे डोळे केव्हाच वाहायला लागले होते.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. "राग आलाय?"

"यंत्र घेऊन आलो होतो ना!" मग थोडं थांबून, "आता साहेबांना हाच अहवाल दाखवतो." आणि मग, घरट्यावरची नजर न काढता, "दुसरं कानातलं आहे का अजून?"

"पर्समध्ये आहे."

"नीट ठेव." पहिल्यांदाच 'ठेव' म्हणाला! "हरवलेलं सापडायला वेळ लागेल. पिल्लं उडायची, मग पाऊस, मग तुझी फुलं, मग ते बर्फातले येणार... मधे गवत कापता यायचं नाही."

"मग शोधायचं कधी?"

"रोज," तो म्हणाला. "दोघांनी."

काठीवरची फीत उन्हानं पांढरी पडली होती. दुसऱ्या दिवशी मी खोक्याची नवी लाल फीत घेऊन गेले, आणि तिची गाठ आम्ही दोघांनी मिळून मारली.