हाळीराम, गप बस!

"हृदय आधीच दमलंय म्हणता, आन् वर ते आणखी हळू चालावं म्हणून गोळी देता? ही कुठली डॉक्टरकी म्हणायची?"

असं स्वतःशीच म्हणत आप्पांनी गोळी गुपचूप तुळशीच्या कुंडीत पुरली. रोजच पुरायचे. आमची तुळस हल्ली फारच शांत दिसायला लागली होती.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. कृष्णाकाठच्या आमच्या गावात होड्यांच्या शर्यती होतात. होडीच्या टोकाला बसून हाळी देण्याचा (वल्हवणाऱ्यांना ओरडून जोर चढवण्याचा) मान वर्षानुवर्षं आप्पांचा. त्यांनी हाळी दिली की पैलतीरावरच्या म्हशीसुद्धा पळत सुटायच्या म्हणे! आता मात्र घाटाच्या चार पायऱ्या चढले की त्यांना धाप लागायची. पाय सुजलेले. उशीवर उशी रचून बसल्या बसल्या झोपायचे. डॉक्टरांनी सांगितलं, हार्ट फेल्युअर (हृदय बंद पडणं नव्हे, तर त्याला पुरेसं रक्त पुढे ढकलता न येणं).

हेमा आत्या, म्हणजे आप्पांची मुलगी, हृदयावर संशोधन करते. तिनं पुण्याहून येऊन समजावलं, तर आप्पा म्हणाले, "कालपरवापर्यंत तुझा शेंबूड मी पुसत व्हतो. तू मला शिकवू नगंस!" मला हसू आलं, पण भीतीही वाटत होती. आप्पा मला हवे होते.

त्यांना ओरडायची मनाई झाली, म्हणून यंदा होडी मंडळाच्या पोरांनी एक रोबो आणला. भोपळ्यासारखा गोल आणि नारिंगी. नाव ठेवलं हाळीराम. पोरांनी त्याला आप्पांच्या जुन्या शर्यतींचं सगळं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि एकच नियम शिकवला: होडी मंदावली की ओरड. आणखी मंदावली की आणखी ओरड.

रविवारी सराव होता. मी, आप्पा आणि आत्या घाटावर बसलो.

"हाणा रं! जोर लावा!" हाळीराम गरजला. होडी सुसाट सुटली.

"आवाज बघ कसा खणखणीत हाय!" आप्पा खूश.

"तुमचाच आहे," मी म्हटलं. मग तर काय, छाती आणखी फुगली.

पुलापर्यंत सगळं झकास चाललं. तिथून पोरं दमायला लागली आणि होडी मंदावली. हाळीराम दुप्पट ओरडला. पोरं घाबरून भराभरा वल्हवू लागली, पण वल्हं नीट बुडायच्या आतच बाहेर! नदीला नुसत्या गुदगुल्या. त्या घाईत पाणी उडून होडीत साचलं. होडी जड झाली, आणखी मंदावली.

"सकाळी खाल्लेल्या भाकऱ्या गेल्या कुठं?" हाळीराम किंचाळला.

आप्पा ताडकन उठले. "आरं गाढवा, गप बस! पोरं मारतोस का? वल्हं पुरतं बुडू दे की!"

एवढं बोलून मटकन खाली बसले. श्वास लागला. आत्यानं त्यांचं मनगट धरलं आणि हळूहळू श्वास घ्यायला लावला.

तिकडे एका पोरानं हाळीरामावर भिजलेलं पोतं टाकलं. आवाज दबला. वल्ही सावकाश, खोल बुडू लागली आणि होडी चक्क पुढे सरकली.

आप्पा जरा सावरल्यावर आत्या म्हणाली, "आप्पा, तुमच्या छातीतही असाच एक हाळीराम आहे. अनुकंपी चेतासंस्था (आणीबाणीत शरीराला कामाला जुंपणाऱ्या नसांचं जाळं)."

"तो कशापायी ओरडतोय?"

"कुत्रं मागं लागलं की छाती धडधडते ना? ती त्याचीच हाळी. तेव्हा ती हवीच. पण कुत्रं थोड्या वेळात निघून जातं. दमलेलं हृदय रोजच कमी रक्त ढकलतं. मग या यंत्रणेला वाटतं, संकट आलं! ती नॉरएड्रेनॅलिन (नसांच्या टोकांतून सुटणारं हाळीचं रसायन) सोडते. हृदय भराभरा पळतं. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे होडीला उलटा वारा. मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात..."

"म्हणजे होडीत पाणी!" मी ओरडले. "म्हणून आप्पांचे पाय सुजलेत!"

"शाब्बास! हृदय आणखी दमतं, म्हणून हाळी आणखी वाढते."

आप्पांनी नदीकडे पाहिलं. "आन् ती गोळी म्हंजे पोतं?"

"अगदी बरोबर. बीटा-ब्लॉकर (हृदयाच्या पेशींचे हाळी ऐकणारे कान झाकणारं औषध). मग हृदय सावकाश भरतं, पुरतं आकुंचन पावतं, त्याला विसावा मिळतो. गुण यायला काही महिने लागतात. डॉक्टर थोड्या मात्रेनं सुरू करतात. आपल्या मनानं बंद करायचं नाही."

"आणि तुळशीला तर मुळीच द्यायचं नाही," मी म्हटलं.

आप्पा चपापले. आत्यानं कपाळावर हात मारला.

"पोरांना दमवणारा आवाज माझाच की गं," आप्पा पुटपुटले. "मला वाटायचं, मीच जिंकून देतोय."

"दिलंतच की. तेव्हाची शर्यत छोटी होती, आप्पा. आता लांबची आहे."

घरी येताच आप्पांनी माझ्यापुढे हात पसरला. "आण ती गोळी. तुळशीचं तोंड कडू झालं असंल बिचारीचं."

काही महिन्यांनी शर्यत आली, तोवर आप्पांची सूज इतकी उतरली की चपला सैल झाल्या. हाळीरामाला त्यांनी स्वतः नवा नियम शिकवला: होडी मंदावली की आवाज खाली. आमचा दुसरा नंबर आला. पहिली होडी खरंच भारी होती, त्याला आप्पा तरी काय करणार? आत्या म्हणते, आतली हाळी वाढताच इशारा देणारं इवलंसं यंत्र करता येईल. ते मीच करणार, मी आधीच सांगून ठेवलंय.

शर्यत संपल्यावर आप्पा घाटाच्या पायऱ्या चढू लागले. मी हात पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही. स्वतःच्या छातीवर तळवा ठेवून ते हळूच म्हणाले, "दमानं रं गड्या, दमानं. लई लांब जायाचंय."