दोघांची विहीर

भूपेंद्र, तो मोबाइल आधी उलटा ठेव. लाइट यायची तेव्हा येईल. तुम्ही पोरं 'नाना, गोष्ट सांगा' म्हणता आणि एक डोळा त्या काचेवर ठेवता. म्हणून आज गोष्टही त्या काचेतलीच सांगतो. ऐकीव नाही. धुळ्यात माझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानासमोर रिखबचंदशेठचं कापडाचं दुकान आहे, वर घर. त्यांचा नातू मनन. त्याला मी लहानाचा मोठा होताना पाहिलंय. बाविशीचा पोरगा, स्वभावानं गरीब, खोटं बोलायला लागला की कान लाल व्हायचे. त्याच्यावर गुदरलेली ही गोष्ट, आणि त्यानंच मला सांगितलेली.

गेल्या वर्षी सत्तावीस ऑगस्टला, बुधवारी, गणपती बसले. शेठचं घर जैन, त्याच दिवशी यांची संवत्सरी होती. वर्षभरात ज्याचं मन दुखावलं असेल त्याला हात जोडायचे, 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं, माफी मागायची. हल्ली काय, एका बोटानं दोनशे जणांची माफी मागून होते. पण रिखबचंदशेठ जुन्या वळणाचे. ज्याचं खरंच दुखावलं त्याच्या दारात जायचं, असं त्यांचं म्हणणं. वर्ष उलटू द्यायचं नाही, नाहीतर ते वैर पुढच्या जन्मातही सोबत येतं. त्यांनीच मननला सांगितलं, "सोनगीरला जाऊन ये."

मननचा कडक उपास होता. पाण्याचा थेंब नाही. तसाच तो दुपारी दोन वाजता गाडी काढून निघाला. वीस-बावीस किलोमीटरचा तर रस्ता. जायचं होतं भिकुबाईकडे. भिकुबाई म्हणजे हितेंद्रची आई, आणि हितेंद्र म्हणजे मननचा जिवाभावाचा मित्र. तो मे महिन्यातच वारला होता.

हे दोघं कॉलेजात एका बाकावरचे. दोघांना एकच नाद, तो ऑनलाइन गेम. त्यात अख्खा समुद्र आहे, जहाजं आहेत, आणि खेळणारे सगळे समुद्री चाचे. बाकीचे तोफा डागत फिरायचे. हे दोघं मात्र लपलेल्या गोष्टींच्या मागे. एका बेटाशी सगळे दिवे विझवून नांगर टाकला की म्हणे पाण्याखालून घंटा ऐकू येते. हजारातल्या एखाद्या बाटलीत खरा नकाशा निघतो. एका बुडालेल्या जहाजाच्या स्वयंपाकघरात मांजर अजून शेगडीपाशी बसलेलं आहे. हितेंद्रनं दोन वर्षं शेतात रात्रीचं पाणी भरता भरता असल्या दुर्मिळ वस्तू जमवल्या होत्या. त्या नुसत्या दाखवतानासुद्धा त्याचा चेहरा उजळायचा, असं मनन सांगतो.

सगळ्यात मोठं गुपित होतं एका ओसाड बेटावर. तिथं विहीर होती, आणि विहिरीच्या तळाशी हिरव्या काचेचा कंदील. जगात मोजक्यांनाच मिळालेला. एकट्याला तो मिळतच नाही. एकानं वर रहाट धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं दोर बांधून खाली उतरायचं. वरच्यानं रहाट सोडला की खालचा बुडाला, आणि त्याच्याजवळचं होतं नव्हतं ते समुद्रात गेलं. ऐकून मी हसलो होतो. म्हटलं, अरे, विहिरीत उतरायची एवढी हौस असेल तर माझ्याबरोबर चला, मोटारी काढायला माणूस हवाच आहे मला.

त्या फेब्रुवारीत त्यांना विहीर सापडली. हितेंद्र खाली, मनन वर. संध्याकाळची सव्वासहाची वेळ. आणि कुसुमलताबाईंनी, म्हणजे मननच्या आईनं, खालून हाक मारली, "मनन, सूर्य मावळतोय." त्यांच्या घरात दिवस बुडाल्यावर शीतसुद्धा तोंडात जात नाही. मननला वाटलं, पाच मिनिटांत दोन घास खाऊन येतो, गेमच तर आहे. काही न बोलता त्यानं हात काढला आणि ताटावर जाऊन बसला.

परत आला तेव्हा हितेंद्र बुडाला होता, दोन वर्षांचं जमवलेलं सगळं समुद्रात गेलं होतं. हेडफोनमध्ये हितेंद्र एवढंच बोलला, "माले खाले सोडी ग्या तू. जेवाले." मग त्याचं बोलणं बंद. मननला वाटलं चार दिवसांत राग उतरेल. तीन महिने गेले. दोघंही हट्टी, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

मे महिन्यात हितेंद्रच्या शेतातल्या खऱ्या विहिरीचं पाणी खोल गेलं. मोटार खाली उतरवायची होती. दरवर्षी त्या कामाला मनन जायचा, दोर धरायला. एकोणीस मे, सोमवार. संध्याकाळी पावणेसातला हितेंद्रनं मननला फोन केला. फोन उचलला गेला नाही. मग तो एकटाच दोर कडुनिंबाला बांधून उतरला. विहिरीचा वरचा दगड सुटून त्याच्यावर पडला. साडेनवाला लोकांनी त्याला बाहेर काढलं, मोबाइल विहिरीतच राहिला.

मननचा फोन वर खोलीत होता, ऐकूच आला नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. आईला, आजोबांना, मलाही. भिकुबाईलासुद्धा.

तर संवत्सरीच्या त्या दिवशी मनन भिकुबाईसमोर हात जोडून उभा राहिला. तिला त्यांची रीत ठाऊक नव्हती. म्हणाली, "तू मनं काय वाकडं करं, भाऊ? मी काय माफ करू?" मनन खाली मान घालून उभाच. ती हळूच म्हणाली, "माफी मांगनी व्हई ते त्यानी मांग. तो आते कोठे शे, माले म्हाईत नही. पन त्यानीच मांग."

तो परत आला. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसला, सगळ्यांबरोबर माफी मागितली, सगळ्यांना माफ केलं. दहाला गल्लीतल्या मंडपातला आवाज बंद झाला. घर झोपलं. मननला झोप येईना. घशाला कोरड, आणि डोक्यात त्या बाईचे शब्द. वर्षातला हा एकच दिवस, आणि तोही सरत आलेला. मागायची कुठं? त्या पोराचा दुसरा पत्ताच त्याच्याजवळ नव्हता.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्यानं गेम उघडला. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. मित्रांच्या यादीत हितेंद्रचं नाव करड्या रंगात होतं. त्याखाली त्यानं लिहिलं, मिच्छामि दुक्कडम्. पाठवलं. आता मोबाइल ठेवून द्यायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

नावापुढचा ठिपका हिरवा झाला.

मननला वाटलं, कुणीतरी त्याचं खातं चोरलं असेल. होतं असं, तुम्हाला माहीत आहे. मग बोलावणं आलं. त्या नावाकडून. जागा तीच... ओसाड बेट.

तो गेला. का गेलास, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "नाना, मागच्या वेळी बोलावलं तेव्हा गेलो नव्हतो."

बेटावर रात्र होती. विहिरीपाशी एक जण उभा होता, डोक्याला लाल फडकं. हितेंद्रचा गेममधला चाचा तसाच असायचा. त्याचे दोन्ही हात रहाटावर होते. तोंड विहिरीकडे.

"कोण आहे?" मनन हेडफोनमध्ये म्हणाला.

काही नाही.

"हितू?"

मग खूप लांबून आल्यासारखा आवाज... "मी धरस. उतर."

मनन उतरला.

खाली खाली जाताना पाण्याचा आवाज वाढत गेला. तळाशी हिरवा उजेड. कंदील होता तिथं, हात लांब केला की मिळेल असा. मननला त्याचं काही वाटलं नाही. त्याला फक्त वरचा आवाज पुन्हा ऐकायचा होता.

तेवढ्यात घरातली लाइट गेली. पंखा थांबला. खोलीत फक्त तो हिरवा उजेड.

गेममध्ये पाणी चढायला लागलं. मननच्या पायांना गार लागलं.

त्यानं खाली पाहिलं नाही. खाली पाहायचं नाही, असं त्यानं ठरवलं. गुडघे. मग मांड्या. मग कंबर.

"ओढ," तो म्हणाला. "हितू, वर ओढ."

...

"मी जेवायला गेलो होतो. चुकलं माझं. मिच्छामि दुक्कडम्."

दोर सैल होता. रहाट हलत नव्हता. वर कुणीतरी श्वास घेत होतं, तेवढं ऐकू येत होतं. वाट पाहिल्यासारखं.

त्याला उठायचं होतं. पाय उचलेनात. आईला हाक मारायची होती. तोंडून निघाली ती हितूलाच. आणि पाणी छातीशी.

"ओढ ना रे..."

...

मग त्याला कळलं, वरचा कशासाठी थांबलाय ते. माफी त्या जेवणाची नव्हतीच.

"फोन माझ्याजवळच होता," मनन म्हणाला. "ताटाशेजारी. वाजताना पाहिला मी. तुझं नाव पाहिलं. म्हटलं, वाजू दे... करू दे अजून थोडी वाट... राग होता माझा. मुद्दाम नाही उचलला. तुझ्या आईला खोटं सांगितलं."

वरचा श्वास थांबला.

पाणी हनुवटीशी.

मोबाइल विझला. अंधार.

...

सकाळी पावणेसहाला कुसुमलताबाई त्याला उठवायला वर गेल्या. तो पलंगावर नव्हता. खोलीच्या दाराशी, उंबऱ्यावर अर्धा आत, अर्धा बाहेर पडला होता. अंग गार, पण शुद्धीत होता. दिवस उगवून पारण्याचं पाणी पाजल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "मला सोनगीरला जायचंय. भिकुबाईला खरं सांगायचंय." आणि गेला. त्याच दिवशी गेला. दारात उभं राहून त्यानं तिला सगळं सांगितलं. ती रडली, त्याला दोन थपडा मारल्या, आणि मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. आता दर रविवारी तो तिच्या शेतावर असतो.

तुम्ही म्हणाल, नाना, दिवसभराचा निर्जळी उपास, वर मनाला लागलेली टोचणी, पोराला स्वप्न पडलं. गेममध्ये काय, कुणीही कुणाच्या नावानं येतं. मीही त्याला तेच म्हणालो. दोन दिवसांनी दुपारी तो माझ्या दुकानात आला होता, तेव्हा. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि सदरा काढला.

तीस वर्षं मी विहिरीत उतरतोय, पोरांनो. माणसाला दोरानं ओढून वर काढलं की कसा वळ उठतो, ते मला कुणी शिकवायला नको. दोन्ही काखांखालून, छातीवरून, अंगठ्याएवढा जाड वळ होता. काळानिळा. दोराचा पीळ न् पीळ मोजता यावा असा. मी त्याला म्हटलं, "वळ, पाठ दाखव."

गाठ मागे होती. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मधोमध, तिचा ठसा उमटला होता. मी माझा हात मागे नेऊन पाहिला. पुन्हा नेऊन पाहिला. तिथं स्वतःच्या हातानं गाठ मारता येत नाही.